बुधवारचं विमान, सोमवारचं प्रस्थान

माझ्याकडे एक कागद होता. त्याच्या जर्मन नावातच 'कल्पित' अशा अर्थाचा शब्द आहे, हे कळलं तेव्हा मी तिथल्या परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत मोठ्याने हसले होते. समोरची बाई काही हसली नाही. तिने शांतपणे समजावून सांगितलं. तुमच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपली आहे आणि नवा मिळायला वेळ आहे. तोवर कायदा असं मानून चालतो की जुना संपलेलाच नाही. हा कागद म्हणजे त्या मानण्याचा पुरावा.

"म्हणजे मी इथे आहे की नाही?" मी विचारलं.

"आहात, असं मानलं जातं," ती म्हणाली.

प्रश्न विचारायची मला खोडच आहे. चाकणच्या एका कारखान्यात मी रोबोंच्या लाइनवर कामाला लागले, आणि रोबो मधेच का थांबला हे शोधत बसणं हेच माझं काम झालं. त्याच कामाने मला जर्मनीला नेलं. त्यामुळे मी त्या बाईलाही सोडलं नाही. भारतात जाऊन परत येता येईल का? येईल. विमानतळावर कुणी अडवलं तर? अडवू नये. 'अडवू नये' म्हणजे अडवणार नाहीत, की अडवलं तर ते चूक ठरेल? बाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. पासपोर्ट, मुदत संपलेलं कार्ड आणि हा कागद, तिन्ही एकत्र ठेवा, ती म्हणाली. कागद हरवलात तर मात्र तिकडच्या वकिलातीत पहिल्यापासून सगळं करावं लागेल, आणि त्याला किती महिने लागतील हे मी सांगू शकत नाही.

माझ्या एकटीचा प्रश्न असता तर मी एवढी घाबरले नसते. पण नवऱ्याचं तिथलं राहणं माझ्या राहण्यावर टेकलेलं, आणि साडेतीन वर्षांच्या मुलीचंही. मी बाहेर अडकले तर दोघांच्या पायाखालची सतरंजीच ओढली जाणार होती. मुलगी तिथेच जन्मली. तिने आमचं गाव, कुरुळी, पाहिलेलंच नव्हतं. तिचा स्वतःचा कागद तर अजून निघालाच नव्हता, त्यामुळे तिला बरोबर आणायचा प्रश्नच नव्हता. पण इकडे बाबांचा गुडघा बदलायचं ठरलं होतं. मी थोरली. मी एकटी आले.

आमचं घर कुरुळीत. घरामागे जिथे पूर्वी आमचं कांद्याचं रान होतं, तिथे आता खोल्यांची ओळ आहे, आणि त्यांत कंपन्यांत काम करणारे लोक भाड्याने राहतात. बाबांचं ऑपरेशन चिंचवडच्या दवाखान्यात व्यवस्थित पार पडलं. ते वॉकर धरून अंगणात फेऱ्या मारायला लागले आणि तिसऱ्या फेरीपासून सगळ्यांना हुकूम सोडायला लागले. घरात त्यांना बोलू शकेल असं एकच माणूस, त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. आई गेल्यापासून हे घर आत्याच चालवते.

पासपोर्ट, कार्ड आणि तो कागद मी एका चेनच्या बदामी पाउचमध्ये घालून कपाटात ठेवले होते. आणि दिवसातून दहा वेळा कपाट उघडून ते आहेत ना, हे बघत होते. आत्याने ते पाहिलं. एकदा मटार सोलता सोलता तिने विचारलं, "काय हाय त्यात एवढं?"

मी सांगितलं. कागदात काय लिहिलंय तेही सांगितलं. तिला गंमत वाटली.

"म्हंजी तू तितं ऱ्हातीस, पर नुसती मानलेली?"

"तसंच काहीतरी."

"मानलेला भाऊ असतो तसं?"

"हो, तसंच म्हण."

"मंग घाबरतीस कशाला? मानलेल्या भावाचा मान सख्ख्यापरास जास्तच ठिवावा लागतो."

एवढी सोपी फोड त्या कचेरीतल्या बाईलाही जमली नव्हती. मी हसले आणि मटार सोलू लागले.

मुलीच्या मापासाठी मी तिचा एक फ्रॉक आणला होता, पिवळा, खिशावर बदक असलेला. आत्याने तो शिंप्याकडे नेऊन परकर-पोलकं शिवून आणलं. फ्रॉक दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ बघत बसली होती. "एवढी झाली व्हय गं?" एवढंच म्हणाली.

माझं परतीचं विमान बुधवारचं होतं. हे कळलं त्या दिवशी आत्याने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "जाशील बुधी, तर येशील कधी," ती म्हणाली, आणि दुसरा दिवस बघ असं सांगून मोकळी झाली. विमान म्हणजे काही राजगुरुनगरची एसटी नव्हे, एक चुकली तर दुसरी. मी तसं तिला जरा ताडकन सांगितलं. ती काही बोलली नाही. आत्या गप्प बसली म्हणजे तिने वाद सोडला असं समजायचं नसतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

सोमवारी दुपारी मी जर्मनीतल्या लोकांशी लॅपटॉपवर बोलत होते. तिथली लाइन थांबली होती आणि चार जण एकदम ओरडत होते. आत्या दारात येऊन म्हणाली, "तुजी येखादी वस्तू दे गं." मी कानावरचा हेडफोन जरासा सरकवून म्हणाले, "घे हवी ती." आणि परत बोलू लागले.

बुधवारी सकाळी भाड्याची गाडी दारात लागली. बॅगा डिकीत गेल्या. बाबांच्या पाया पडले. आत्याने हातावर दही-साखर ठेवली. मी पाउच घ्यायला कपाट उघडलं, आणि पाउच नव्हता.

मी कपडे उपसले. गादी उचलली. तोंडातलं दही आंबट लागत होतं. आत्या मागून शांतपणे म्हणाली, "आगं, हुडकतीस काय? त्येचं परस्थान ठिवलंय न्हवं का सोमवारीच. जाताना वाटंवर उचलायचं."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रवासाला निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू घराबाहेर, जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं. मग तुम्ही बुधवारी उंबरा ओलांडा नाही तर अमावास्येला, तुमचा प्रवास सोमवारीच सुरू झालेला असतो. लोक उपरणं ठेवतात, तांब्या ठेवतात, पातळ ठेवतात. माझ्या आत्याने माझा पासपोर्ट ठेवला होता.

"साडी ठेवायचीस ना! चप्पल ठेवायचीस!" मी ओरडले.

"तू धा येळा हात कशाला लावीत हुतीस? साडीला का पाउचला? जीव ज्यात आडाकलाय, तीच वस्तू ठिवायची असती."

मी आणखी मोठ्याने ओरडले. पाउच खोल्यांच्या ओळीतल्या अगदी पश्चिमेच्या खोलीत होता. तिथे लातूरकडचा एक भाडेकरू राहतो. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. मी अनवाणीच धावले. दाराला कुलूप नव्हतं, कडीच्या जागी तारेचा पीळ होता. पीळ सोडून मी आणि मागून आलेली आत्या आत गेलो. खाट, स्टोव्ह, भिंतीवर बाळाचं कॅलेंडर. पाउच कुठेच नव्हता.

आत्याचा चेहरा उतरला. मग मात्र मला ओरडवेना.

शेजारच्या खोलीतल्या बाईने सांगितलं की भाडेकरूची शिफ्ट बदलली आहे, तो आज सकाळच्या पाळीला गेला. फोन लावला तर बंद. बंदच असणार. कंपनीत मोबाइल गेटवर जमा करून घेतात. बाबा वॉकर आपटत तिथवर आले. तारेचा पीळ बघून म्हणाले, "ही कडी अजून बसवली न्हाई व्हय?" जणू काही ती दुसऱ्या कुणी बसवायची होती. भाडेकरू दोन महिने त्यांच्याकडेच तगादा लावत होता.

त्याची कंपनी महाळुंग्यात. मुंबईला जायला आम्हाला निघोजे, महाळुंगे करत तळेगावकडेच जायचं होतं, तेवढं एक नशीब. मी गाडीत बसले आणि दुसऱ्या बाजूने आत्याही येऊन बसली. "मी ठिवलंय, मीच उचलून देणार," ती म्हणाली. तिला उतरवायला माझ्याकडे वेळ नव्हता.

रस्ता नेहमीसारखा भरलेला. आमच्या पुढे गाड्यांचे सुटे भाग नेणारा लांबलचक ट्रेलर चालला होता, आणि त्याला ओलांडायला जागा नव्हती. मी मनात सगळा हिशोब मांडत होते. पाउच मिळाला नाही तर आधी पोलीस, मग वकिलात, मग किती महिने. लेक रोज रात्री फोनवर विचारायची, तू कधी येणार, आणि मी म्हणायचे, बुधवारी निघते. आता काय सांगणार होते? मला रडू येत होतं आणि आत्यासमोर रडायचं नव्हतं. म्हणून मी खिडकीबाहेर एकेका कंपनीची पाटी वाचत बसले.

कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षकाने आत फोन केला. माणूस आहे म्हणाला, पण लाइन सोडून येता येणार नाही, चहाच्या सुट्टीत येईल. मी त्याच्याशी वाद घातला नाही. मी स्वतः लाइनवर उभी राहिले आहे, एक माणूस हलला की मागचे सगळे खोळंबतात. आम्ही गाडीत बसून राहिलो.

वाट बघताना माझा राग थकला आणि जुनी खोड वर आली.

"आत्या, प्रस्थान किती दिवस चालतं?"

"तीन दीस. लई तर पाच."

"आणि तेवढ्यात माणूस निघालंच नाही तर?"

"मंग त्ये गेलं वाया. वस्तू घरी आणायची, चांगला दीस बगायचा आन् पुन्यांदा ठिवायची."

"पुन्हा मुदत वाढते?"

"वाढती की."

"आणि कितीदा?"

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की कचेरीतली ती बाई आठवली. तिच्याकडेही काढून ठेवायला चष्मा असता तर तिने तो काढला असता. "माणसाला जायाचं असंल तवर," ती म्हणाली.

"दोन माणसांचं एकत्र ठेवता येतं?"

"ज्येचं त्येनं ठिवायचं."

"आणि ज्याला माहीतच नाही की त्याला जायचंय, त्याचं?"

"त्येच्या वतीनं घरातल्यानं ठिवायचं. ल्हान्या पोराला काय कळतंय दीस-वार?"

गेटमधून एक ट्रक बाहेर पडला, रक्षकाने त्याच्याखाली आरसा फिरवून बघितला. मग तिने विचारलं, "पोरीला कवा आणशील?"

"तिचा कागद आला की."

"कवा येतो?"

"ते कुणालाच माहीत नाही गं."

"मी काय रोज तरणी व्हत न्हाई," आत्या म्हणाली. तक्रार केल्यासारखं नाही, आज भाजी काय करायची हे सांगावं तसं. मी तिचा हात धरला. हाताला हळदीचा वास होता.

चहाची घंटा झाली आणि आमचा भाडेकरू गेटकडे जवळजवळ पळतच आला. अंगावर निळा गणवेश, गळ्यात कानांत घालायची बुचं लोंबत होती. त्याने जेवणाच्या पिशवीतून पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि आत्याच्या हातात दिलं. बदामी पाउच होता.

"मावशी म्हणल्या हुत्या, जिवापाड जपा," तो दम खात म्हणाला. "आता खोलीला कडी न्हाई. कसं ठिवावं बगा तसंच? म्हणून संगंच आणलं. लॉकरला ठिवलंतं. पाळीवर जायच्या आदी तीनदा कुलूप बगितलं ताई."

मी पाउच उघडला. पासपोर्ट, कार्ड, कागद. तिन्ही. त्यांच्यामध्ये हळकुंड, सुपारी आणि चिमूटभर अक्षता. कागदाच्या कोपऱ्याला पिवळा डाग पडला होता. मी त्या माणसाचे आभार मानले, मग पुन्हा मानले. तो लाजला. बाळ झालं की फोटो पाठवतो म्हणाला आणि चहा घ्यायला परत पळाला.

आत्याचा चेहरा आता पार बदलला होता. "बगितलंस? कुरुळीपासनं म्हाळुंग्यापतुर आपसूक आलं का न्हाई? कुटल्या दिशेनं आलं?"

"पश्चिमेला," मी कबूल केलं.

"मी काय येडी हाय का?"

तिथेच, कंपनीच्या गेटसमोर, ट्रकच्या रांगेशेजारी तिने मला निरोप दिला. पाउच आधी स्वतःच्या कपाळाला लावला, मग माझ्या हातात ठेवला. घरी ती रिक्षाने जाणार होती. मी "जाते" म्हणायला लागले होते, तेवढ्यात तिने डोळे वटारले, म्हणून "येते" म्हणाले. गाडी वळली तेव्हा ती रक्षकाशी गप्पा मारायला लागलेली दिसली. बहुतेक त्याला सगळं पहिल्यापासून सांगत असावी.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तो कागद कधी पाहिलेलाच नव्हता. तिने वरिष्ठाला बोलावलं, वरिष्ठाने संगणकात पाहिलं आणि मान हलवली. तिथून सुटले. खरी भीती पुढची होती.

जर्मनीत उतरल्यावर काचेमागच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला आणि त्यातून तांदळाचे दोन दाणे त्याच्या टेबलावर पडले. मी झटकायच्या राहिलेल्या अक्षता. त्याने ते दाणे बघितले, मग कागद बघितला, मग कोपऱ्यातल्या पिवळ्या डागावर नख घासलं.

"हे काय आहे?"

"हळद."

"स्वयंपाकातली?"

"हो," मी म्हणाले. मग राहवेना. "नाही. प्रवासातली."

त्याने मान वर केली. शेजारच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याला कागद दाखवला. दोघं काहीतरी हळू बोलले. माझ्या मागची रांग चुळबुळत होती. नख घासून तो डाग पसरला असेल का? डाग पडलेला कागद चालतो का? हे मी त्या बाईला विचारलंच नव्हतं. एवढे प्रश्न विचारले आणि नेमका हा राहिला. मग ठप्प करून शिक्का बसला. अधिकाऱ्याने तांदळाचे दाणे बोटाने गोळा केले आणि पासपोर्टवर ठेवून मला परत दिले. का, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायला हवं होतं, पण पाय आधीच पुढे पळाले होते.

बाहेर नवरा मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता. तिला पोटाशी धरलं तेव्हा मी इतकी रडले की ती घाबरली. घरी पोचल्यावर बॅग उघडली. परकर-पोलकं निघालं, तिने ते लगेच अंगात चढवलं आणि आरशासमोर गिरक्या घेतल्या. शेंगदाण्याची चटणी निघाली, मेतकूट निघालं. पिवळा फ्रॉक निघाला नाही. मी दोन्ही बॅगा रिकाम्या केल्या. बदकाचा फ्रॉक तिचा फार लाडका, ती लगेच ओठ काढून बसली.

मी घरी फोन लावला. पोचल्याचं सांगितलं, मग विचारलं, "आत्या, फ्रॉक राहिला का गं तिथे?"

"ऱ्हायला न्हाई. ठिवलाय."

"कुठे?"

"कडंच्या खोलीत. पर पूर्वेच्या, हां. ती तिकडनं हिकडं येनार न्हवं का? दिशा पूर्व. दीस बगून पोरीचं परस्थान ठिवलंय."

मी रिकाम्या बॅगेशेजारी खाली बसले.

"ऐकतीस का? तीन दिसांनी उचलीन. तिचा कागद न्हाई आला, तर पुन्यांदा ठिवीन. तुज्या त्या लोकांनी मुदत वाढवली तर चालती, मंग आमी वाढवली तर का न्हाई चालनार?"

"किती दिवस असं करशील गं?"

"ती ईस्तोवर."

याला आता बरेच महिने झाले. माझा कागद एकदा वाढवून मिळाला आहे, त्यावरचा हळदीचा डाग तसाच आहे. मुलीचा कागद अजून यायचा आहे. दर तीन-चार दिवसांनी माझी आत्या तिचा फ्रॉक त्या खोलीतून घरी आणते, झटकते, घडी घालते, आणि दिवस बघून परत ठेवते. तिच्या हिशेबाने माझी मुलगी कधीचीच घरातून निघाली आहे. मुलगी हल्ली विचारते, "मग मी कुठपर्यंत पोचले?" मी नकाशावर बोट ठेवते आणि बोट रोज थोडं पुढे सरकवते.

बाबांनी भाडेकरूच्या खोलीबरोबर त्या पूर्वेच्या खोलीलाही नवी कडी बसवून घेतली आहे.